जमिनीच्या पोटातील भेगा आणि कोंडलेला वायू

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वाळूज येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा प्रघात आहे. ते महत्त्व आपणा सर्वांस पटलेले आहे, म्हणूनच आपण येथे बसला आहात. तेव्हा मी आज एका शास्त्राविषयी आणि त्यातल्या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. शास्त्र आहे भूशास्त्र, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या खडकांचे शास्त्र. प्रश्न असा की, कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू वालुकाश्मात, म्हणजे वाळूच्या खडकात, खोल पुरून ठेवायचा झाला, तर त्या खडकातल्या भेगा आपल्याला साथ देतील की दगा देतील?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा वाटेल, परंतु तो तसा नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आपल्यापैकी अनेकांच्या घरची माणसे पाळीवर जातात. तेथली यंत्रे विजेवर चालतात आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशापासून होते. कोळशावर तयार झालेल्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराने आपल्या नावावर सुमारे एक क्विंटल वायू लिहून ठेवावा, असा हा हिशेब आहे. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या वर गेले आहेत. त्यामुळे पृथ्वी तापते आणि पावसाचे वेळापत्रक बिघडते. त्याची झळ सर्वांत आधी कोरडवाहू मुलखाला लागते, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

२०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत हवेत निव्वळ भर शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठी सूर्याची व वाऱ्याची वीज वाढवणे हा मुख्य मार्ग आहे. परंतु सिमेंट, पोलाद अशा काही धंद्यांतून हा वायू निघतोच. तो धुराड्यातच पकडून जमिनीत खोल कोंडावा, असा एक मार्ग जगात काही ठिकाणी चालू आहे. आपल्या देशातही त्याचा विचार सुरू झाला आहे. २०२२ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये या विषयाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २०२५ मध्ये एनटीपीसी या वीज कंपनीने झारखंडमधील पकरी बरवाडीह येथील कोळसा खाणीच्या परिसरात, खडक या कामास योग्य आहे की नाही हे तपासण्यासाठी, सुमारे १२०० मीटर खोलीची विहीर खोदायला घेतली. उद्या असे काम आपल्या राज्यात निघाले, तर ज्यांच्या पायाखाली ते होईल त्या लोकांना त्याची समज असली पाहिजे.

वाळूचा खडक वायू कसा धरतो

पुष्कळांचा समज असा असतो की, जमिनीत एखादी मोठी पोकळी असते आणि तीत वायू भरतात. तसे नाही. बुंदीचा लाडू डोळ्यांसमोर आणा. कळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींत पाक भरलेला असतो. वालुकाश्म असाच असतो. वाळूचे कण एकमेकांना चिकटून दगड झालेला असतो आणि कणांमधल्या फटींत पाणी असते. चांगल्या वालुकाश्मात दहा ते तीस टक्के जागा अशा फटींचीच असते. खूप खोलवर हे पाणी खारट असते, पिण्याच्या उपयोगाचे नसते. तेथे दाबाने वायू सोडला की तो खारे पाणी बाजूला सारून फटींत शिरतो.

खोली किती हवी, यालाही कारण आहे. कार्बन डायऑक्साइडवर हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाब आला आणि उष्णता ३१ अंशांच्या वर असली, की तो वायू राहत नाही व द्रवही होत नाही. त्याची मधलीच एक दाट अवस्था होते. साधारणपणे ८०० मीटरच्या खाली असा दाब मिळतो. जमिनीवर जो एक टन वायू पाचशे घनमीटरहून अधिक जागा व्यापतो, तो तेथे दीड-दोन घनमीटरांत मावतो. एका मोठ्या खोलीइतका ढीग एका लहान पेटीत बसावा, तसा हा प्रकार आहे.

मात्र एक अडचण राहते. दाट झालेला हा वायू खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच असतो. पाण्यात तेल सोडले तर ते वर येते, तसा तोही वर येऊ पाहतो. म्हणून वालुकाश्माच्या डोक्यावर झाकण लागते. हे झाकण म्हणजे पंकाश्म, चिखल दाबून झालेला दगड. त्याच्या फटी इतक्या सूक्ष्म असतात की वायूला त्यातून वाट मिळत नाही. झाकण टिकले तर काळ आपल्या बाजूने काम करतो. काही वायू कणांमध्ये अडकून पडतो, काही पाण्यात विरघळतो, आणि फार दीर्घ काळाने काहीचा दगडही होतो.

नॉर्वेच्या समुद्रातील स्लाइपनर येथे १९९६ पासून समुद्रतळाखालील अशा वालुकाश्मात वायू सोडण्यात आला. पहिल्या वीस वर्षांत तेथे दीड कोटी टनांहून अधिक वायू गेला आणि झाकणाने तो धरून ठेवला. तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही. पण सगळीकडची जमीन स्लाइपनरसारखी नसते, आणि फरक पाडणारी मोठी गोष्ट म्हणजे भेग.

विभंग म्हणजे काय

खडकाला नुसता तडा गेला तर त्याला आपण भेग किंवा सांधा म्हणतो. परंतु तडा जाऊन एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूच्या मानाने वर, खाली किंवा आडवा सरकला, तर त्याला विभंग म्हणतात. जुन्या शालेय भूगोलात त्यालाच प्रस्तरभंग म्हटलेले आढळेल. चंद्रपूर, बल्लारपूर भागातल्या कोळसा खाणीत काम केलेल्या माणसाला ही व्याख्या सांगावी लागत नाही. कोळशाचा थर नीट चालला आहे आणि एकाएकी समोर नुसत्या दगडाची भिंत येते. थर संपलेला नसतो, तो विभंगावर तुटून काही मीटर खाली किंवा वर गेलेला असतो. तो कोठे गेला हे ओळखणे हेच खाणीतल्या भूशास्त्रज्ञाचे काम.

आता मुख्य मुद्दा. विभंग दिसला म्हणजे वायू निसटणारच, असे नाही. विभंग आहे तरी काही होत नाही, असेही नाही. एकच विभंग एका जागी दार असतो आणि शंभर मीटर पुढे भिंत असतो. तो काय करील हे तीन गोष्टींवर ठरते. त्याच्या दोन बाजूंना कोणते खडक समोरासमोर आले, त्याच्या पोटात काय भरले आहे, आणि आपण त्याच्यावर किती दाब आणतो.

पहिली गोष्ट: समोरासमोर कोण आले

समजा, वालुकाश्मावरचे झाकण पन्नास मीटर जाड आहे आणि विभंगावर खडक वीस मीटर सरकला. तर झाकण झाकणासमोरच राहील, थोडे खाली-वर होईल इतकेच. परंतु खडक ऐंशी मीटर सरकला, तर एका बाजूचा वालुकाश्म दुसऱ्या बाजूच्या वरच्या वालुकाश्मासमोर येऊन उभा राहील. झाकण तेथे संपले. वायूला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यास दार मिळाले. याच्या उलट, वालुकाश्मासमोर पंकाश्म आला तर तो विभंग वायूला अडवणारी भिंत होतो. जगातले कितीतरी तेलाचे आणि नैसर्गिक वायूचे साठे अशाच भिंतींच्या आधाराने लाखो वर्षे टिकून राहिले आहेत.

दुसरी गोष्ट: भेगेत काय भरले आहे

खडक सरकताना मधल्या मऊ पंकाश्माचा चिखल विभंगाच्या तोंडाला फासला जातो. घराची भिंत शेणामातीने सारवावी, तसे हे सारवण असते. सरकलेल्या भागात चिखलाचे प्रमाण साधारण एक-पंचमांशाहून अधिक असेल तर सारवण बहुधा सलग बसते आणि वायू अडतो. चिखल कमी असेल तर सारवणाला भोके राहतात. कोठे कोठे वाळूचे कण जात्यात दळल्यासारखे बारीक होऊन त्यांचे पीठ होते आणि तेही फटी बुजवते. कोठे पाण्यातले क्षार साचून भेग सांधली जाते.

पण विभंगाच्या मधोमध असे सारवण असले, तरी दोन्ही बाजूंचा खडक पुष्कळदा बारीक तड्यांनी खिळखिळा झालेला असतो. त्यामुळे वायूला आडवे पलीकडे जाता येत नाही, पण विभंगाच्या कडेकडेने वर चढता येते. विहीर खोदणाऱ्या मंडळींना याचा अनुभव असतो. काळ्या पाषाणाला पाझर नसतो, पण त्याच पाषाणात एखादा खिळखिळा पट्टा लागला की पाणी सुटते.

अमेरिकेतील युटा प्रांतात ग्रीन रिव्हर नावाच्या गावाजवळ निसर्गाने हा प्रयोग स्वतःच मांडून ठेवला आहे. तेथील वालुकाश्मात नैसर्गिक कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो दोन विभंगांच्या कडेने एक लाखाहून अधिक वर्षे थोडा थोडा वर झिरपत आला आहे. पाण्यातून निघालेल्या चुनखडीचे थर त्याची साक्ष देत तेथे पडून आहेत. विशेष हे की, गळती विभंगाच्या संपूर्ण लांबीवर सारखी नाही, ती ठराविक जागीच आहे. शिवाय १९३० च्या दशकात तेथे तेलाच्या शोधात पाडलेल्या एका छिद्रातून आजही वायूमिश्रित गार पाण्याचा फवारा उडतो. म्हणजे निसर्गाच्या भेगेइतकीच माणसाने पाडलेली आणि नीट न बुजवलेली भेगही धोक्याची असते.

तिसरी गोष्ट: दाब

धान्याचे भरलेले पोते फरशीवर ओढून पाहा, हलत नाही. पण दुसऱ्या कोणी त्याला खालून किंचित उचलून धरले तर तेच पोते सहज सरकते. विभंगाच्या दोन बाजू वरच्या खडकांच्या भाराने एकमेकींवर आवळलेल्या असतात, म्हणून त्या स्थिर असतात. आपण खडकात पाणी किंवा वायू दाबाने भरला की फटींतला दाब वाढतो आणि तो त्या दोन बाजूंना आतून किंचित दूर लोटतो. आवळ सैल झाली आणि तेथे आधीपासून ताण साठलेला असला, तर विभंग सरकतो. तो सरकला म्हणजे भूकंप.

अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ १९६२ साली रासायनिक सांडपाणी ३६०० मीटरहून खोल विहिरीत सोडण्यास सुरुवात झाली. थोड्याच काळात जेथे फारसे धक्के बसत नसत तेथे धक्के बसू लागले. १९६६ मध्ये पाणी सोडणे थांबवले, तरी त्यातले सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. कारण आत शिरलेला दाब तोंड बंद केल्याने लगेच ओसरत नाही, तो हळूहळू दूरवर पसरत राहतो. पुढे १९६९ ते १९७३ या काळात कोलोरॅडोतील रेंजली येथे तेथल्या शास्त्रज्ञांनी वालुकाश्मातल्या विभंगाजवळ पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून पाहिला. दाब ठराविक मर्यादेच्या वर गेला की लहान भूकंप सुरू होत, खाली आला की थांबत. मर्यादा असते आणि ती मोजता येते, हा त्या प्रयोगाचा धडा.

आपल्या महाराष्ट्राला हा धडा फार महागात मिळालेला आहे. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर त्या भागात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. तेथे कोणी वायू सोडला नव्हता. परंतु धरणाच्या पाण्याचा भार आणि भेगांतून खोल उतरलेला पाण्याचा दाब, यांनी आधीच ताणलेल्या विभंगाला जो थोडासा धक्का हवा होता तो दिला, असे शास्त्रज्ञ मानतात. विभंगाचा आणि पाण्याच्या दाबाचा संबंध अभ्यासण्याचे कोयना हे जगातले एक प्रमुख ठिकाण झाले आहे. त्यासाठी कराड येथे केंद्र सरकारची प्रयोगशाळा असून कोयना भागात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतले आहे.

वायू साठवणाऱ्यांचे तीन अनुभव

आता प्रत्यक्ष वायू सोडलेल्या तीन जागा पाहू. तिन्ही वालुकाश्माच्या आहेत.

पहिली, नॉर्वेच्या उत्तरेकडील स्नोव्हिट. तेथे २००८ पासून वायू सोडू लागले. अंदाजापेक्षा दाब फार लवकर चढला. खडकाच्या थरांत अडथळे होते आणि विभंगांनी त्याच्या जणू लहान लहान खोल्या पाडल्या होत्या. नकाशावर मोठे कोठार दिसत होते, हाती लागली एक खोली. २०११ मध्ये वायू दुसऱ्या, वरच्या थरात वळवावा लागला. येथे विभंग गळला नाही. उलट त्याने वाट अडवली आणि अडचण झाली ती त्यामुळेच.

दुसरी, अल्जीरियाच्या वाळवंटातील इन सालाह. तेथे २००४ ते २०११ या काळात सुमारे ३८ लाख टन वायू जवळजवळ १९०० मीटर खोलीवरील अवघ्या वीस मीटर जाडीच्या वालुकाश्मात सोडला. उपग्रहावरून मोजणी केली तेव्हा विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर फुगत असल्याचे दिसले. एका विहिरीवर ही फूग एकाऐवजी दोन समांतर पट्ट्यांची होती. खाली उभी भेग उघडली की जमीन अशी दोन बाजूंना फुगते. खोलवरचा भेगांचा पट्टा दाबाने उघडला असावा आणि झाकणाच्या खालच्या भागापर्यंत गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्या भेगेतून वायू जमिनीवर आला नाही, पण २०११ मध्ये काम थांबवण्यात आले. तेथल्याच एका जुन्या विहिरीच्या तोंडाशी मात्र थोडा वायू आढळला होता आणि ती बुजवावी लागली होती.

तिसरी, अमेरिकेतील इलिनॉय प्रांतातले डेकेटर. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत तेथे सुमारे दहा लाख टन वायू सोडला. या काळात हजारो अतिसूक्ष्म धक्के नोंदले गेले. ते इतके बारीक होते की वर राहणाऱ्या माणसांना कळलेही नाहीत. पुष्कळसे धक्के वालुकाश्माच्या खालच्या जुन्या कठीण खडकातले होते. म्हणजे वायू वर जात नसला तरी दाब खाली जातो, आणि खालच्या झोपलेल्या विभंगांना जाग येऊ शकते.

आपल्या पायाखालची जमीन

आता घरी येऊ. वाळूजचा खडक वालुकाश्म नाही. तो बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. दौलताबादचा डोंगर आणि वेरूळची लेणी याच दगडातली. त्याच्या भेगांतले पाणी कसे वाहते हे आपल्या पूर्वजांना चांगले माहीत होते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी शहरासाठी डोंगरातला पाझर पकडून जमिनीखालून नहर आणली, ती हे ज्ञान असल्याशिवाय आणता आली नसती. पाणचक्कीचे पाणीही डोंगरातून जमिनीखालच्या नळांनीच आले. दाबाचे आणि उताराचे गणित आपल्या शहराच्या पोटात पूर्वीपासून आहे.

बेसाल्टमध्येही वायू साठवण्याचे प्रयोग झाले आहेत. आइसलंडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूचा बहुतेक भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. आपल्या राज्यात वालुकाश्माचा खरा मुलूख म्हणजे वर्धा नदीचे खोरे. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यात कोळसा असलेले गोंडवन काळाचे थर आहेत. त्यांतल्या एका वालुकाश्माला नागपूरजवळच्या कामठीचेच नाव मिळाले आहे. योगायोग असा की, २९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्रही याच पट्ट्यात धूर सोडत उभे आहे. धूर तेथे, वालुकाश्म तेथे, मग तेथेच पुरावा, असे कोणालाही सुचेल.

परंतु विभंगही तेथेच आहेत. हे खोरेच मुळी जमीन विभंगांवर खचून तयार झालेले आहे. वालुकाश्म पुरेसा खोल आहे का, वरचे झाकण सलग आहे का, जुन्या खाणी व छिद्रे किती आहेत, हे प्रत्येक जागी स्वतंत्रपणे पाहावे लागेल. आणि याच वालुकाश्मांच्या वरच्या भागातून कितीतरी गावांना प्यायचे पाणी मिळते. खालून खारे पाणी किंवा वायू विभंगाच्या कडेने वर आला तर पहिला फटका त्या पाण्याला बसेल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की पाणी आंबट होते आणि खडकातल्या नको त्या धातूंना विरघळवू लागते.

विभंग डोळ्यांना दिसेलच असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात होता. वर काळी सपाट जमीन, तिच्याखाली बेसाल्ट. पुढे तेथे छिद्र घेऊन पाहिले तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, मग अवघे आठ मीटर गाळाचे थर आणि त्याखाली अतिप्राचीन कठीण खडक, असा क्रम निघाला. विभंग त्या जुन्या खडकात दडलेला होता. जमिनीवर कंप निर्माण करून त्याचा प्रतिध्वनी टिपणे ही विभंग शोधण्याची आजची मुख्य रीत आहे. पण बेसाल्टच्या जाड थरांत हा प्रतिध्वनी विखुरतो आणि खालचे चित्र धूसर येते. चांगल्या जागीसुद्धा दहा-वीस मीटरपेक्षा कमी सरकलेले विभंग या रीतीने सहसा दिसत नाहीत. म्हणून एका मोजणीवर भागत नाही. छिद्रे घ्यावी लागतात, खडकाचे नमुने तपासावे लागतात आणि काम सुरू झाल्यावरही दाब, सूक्ष्म धक्के, जमिनीची फूग आणि विहिरींचे पाणी यांवर सतत नजर ठेवावी लागते.

पालकांसाठी पाच प्रश्न

मी हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. हा वायू विषारी धुरासारखा नाही, आपल्या श्वासातही तो असतो. पण तो हवेपेक्षा जड आहे आणि खोलगट जागी साचतो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्यापूर्वी अनुभवी माणसे आधी कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर ती उतरत नाहीत. १९८६ साली आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड एका रात्री बाहेर पडला आणि सुमारे १७०० माणसे गुदमरून गेली. ते सरोवर होते, वालुकाश्मातले कोठार नव्हते, आणि खोल खडकातून वायू असा एकदम उसळणे संभवत नाही. तरीही ज्याच्याशी आपला संबंध येणार त्याचा स्वभाव माहीत असावा.

उद्या आपल्या किंवा आपल्या नातेवाइकांच्या तालुक्यात असे काम निघाले आणि जनसुनावणी लागली, तर तेथे जाऊन नुसते हो किंवा नाही म्हणू नका. हे पाच प्रश्न विचारा. वालुकाश्मावरचे झाकण किती जाड आहे आणि विभंगावर खडक किती सरकला आहे? विभंगांचा नकाशा कोणी, कोणत्या रीतीने केला आणि तो आम्हाला दाखवाल काय? दाबाची मर्यादा किती ठरवली आहे आणि ती ओलांडली तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला? आसपासची जुनी छिद्रे व विहिरी मोजून बुजवल्या काय? आणि कंपनी निघून गेल्यावर पुढची कित्येक वर्षे नजर कोण ठेवणार? ज्यांच्याकडे या पाचांची उत्तरे कागदावर असतील त्यांच्याशी बोलता येईल. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी आधी अभ्यास करून यावे.

विद्यार्थ्यांसाठी

आता शेवटचे, आणि हे मुलामुलींसाठी. असे प्रश्न विचारणारा आणि त्यांची उत्तरे तपासणारा माणूस आपल्यातून निर्माण झाला पाहिजे. आपल्या समाजात मुलगा हुशार निघाला की त्याने डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावे एवढीच पालकांची कल्पना असते. मुलीच्या बाबतीत पुष्कळदा तीही नसते. भूशास्त्राचे नाव घराघरांत माहीतच नाही. वास्तविक ज्या मुलखात दर दुसऱ्या वर्षी पाण्याचा प्रश्न उभा राहतो, तेथे हे शास्त्र सर्वांत उपयोगाचे. महाराष्ट्रात १९७२ साली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण तर १८५१ पासून काम करीत आहे. कोळसा, तेल, धरणे, बोगदे, भूकंपमापन आणि आता ही वायूची साठवण, या प्रत्येक कामात खडक वाचणारी माणसे लागतात. त्यासाठी बारावीला विज्ञान, पुढे भूशास्त्राची पदवी, आणि सोबत गणित व भौतिकशास्त्र पक्के असावे लागते. मुलींनीही हे शास्त्र घ्यावे. खडकाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास किंवा धक्क्यांच्या नोंदी वाचण्यास लागतात ती बुद्धी आणि चिकाटी, आणि त्या आपल्या मुलींत भरपूर आहेत.

सुरुवात आजपासून करता येते. गावात कोठे विहीर खोदली जात असेल, बोअर मारला जात असेल, तर तेथे जा. किती फुटांवर मुरूम संपला, कोठे मांजऱ्या लागला, कोठे काळा पाषाण, पाणी कोणत्या पट्ट्यात सुटले, हे वहीत लिहा. शाळेने अशा दहा वह्या जमवल्या तर आपल्या परिसराच्या पोटाचा पहिला नकाशा आपल्याच हातचा होईल. त्यातून पुढे कोणी विभंगांचा नकाशा करणारा किंवा करणारी निघेल.